गती आणि बलाची गणितं: सूत्राआधी काय ठरवायचं

गती आणि बल या प्रकरणातली सूत्रं मोजून पाच-सहा आहेत. ती पाठ होतात, तरी गणित अडतं, आणि बहुतेक वेळा एकाच जागी अडतं. प्रश्नातले आकडे दिसले की विद्यार्थी थेट सूत्र शोधायला लागतो. आपण कोणत्या वस्तूबद्दल बोलतोय, कोणती दिशा धन मानली आणि त्या वस्तूवर कोण कोण बल लावतंय, हे तोवर ठरलेलंच नसतं. हे तीन निर्णय आधी कागदावर उतरवले की पुढे बरंचसं काम बेरीज-वजाबाकीचं उरतं. खाली त्याच क्रमाने जाऊ. आकडेमोड सोपी राहावी म्हणून गुरुत्व त्वरण १० मी/से² घेतलं आहे. खरी किंमत सुमारे ९.८ आहे, आणि परीक्षेत प्रश्नात जी दिली असेल तीच वापरायची.

आधी दिशा, मग आकडे

कागदावर एक बाण काढा आणि त्याच्याजवळ 'धन' लिहा. वर जाणारी दिशा धन घ्या किंवा खाली जाणारी, उत्तर तेच येतं. मात्र एकदा ठरवलेली दिशा गणित संपेपर्यंत बदलायची नाही. निम्म्या चुका इथेच होतात: वेग वरच्या दिशेने धन धरला आणि त्वरणही धन लिहिलं, की वर फेकलेला चेंडू कागदावर कायमचा वर जात राहतो.

उदाहरण घेऊ. चेंडू २० मी/से वेगाने सरळ वर फेकला. वरची दिशा धन, म्हणून सुरुवातीचा वेग +२० आणि त्वरण −१०. दर सेकंदाला वेग १० ने कमी होतो, म्हणजे २ सेकंदांनी वेग शून्य. तोवर चेंडू २० मीटर उंचीवर पोचलेला असतो. तिसऱ्या सेकंदाच्या शेवटी वेग २० − ३० = −१० मी/से. ऋण चिन्ह सांगतं की चेंडू आता खाली येतोय. त्या क्षणी विस्थापन १५ मीटर आहे, पण कापलेलं अंतर २५ मीटर आहे, कारण चेंडू २० मीटर वर गेला आणि ५ मीटर खाली आला. विस्थापन सुरुवात आणि शेवट एवढंच बघतं, अंतर सगळा मार्ग मोजतं.

सर्वांत वरच्या बिंदूवर वेग शून्य असतो, म्हणून तिथे त्वरणही शून्य असं बरेच जण लिहितात. ते चूक आहे. पृथ्वीचं ओढणं त्या क्षणी थांबलेलं नसतं, त्यामुळे त्वरण तिथेही −१० च असतं. खरोखरच शून्य झालं असतं, तर चेंडू वरच स्थिर राहिला असता.

सरासरीचेही दोन फसवे प्रश्न नेहमी येतात. ४०० मीटरच्या ट्रॅकवर ८० सेकंदांत एक फेरी पूर्ण केली, तर सरासरी चाल (अंतर ÷ वेळ) ५ मी/से आणि सरासरी वेग (विस्थापन ÷ वेळ) शून्य, कारण धावणारा जिथून निघाला तिथेच परतला. दुसरा प्रश्न: जाताना ताशी ४० आणि त्याच रस्त्याने येताना ताशी ६० किलोमीटर, तर सरासरी चाल किती? ५० नाही, ४८. कमी चालीने प्रवासाला जास्त वेळ लागतो, म्हणून सरासरी त्या बाजूला झुकते. एकूण अंतर भागिले एकूण वेळ, याखेरीज दुसरा मार्ग घेऊ नका.

एककांबद्दल थोडक्यात: ताशी किलोमीटरला ३.६ ने भागलं की मी/से मिळतात. ७२ म्हणजे २०, ३६ म्हणजे १०. हे रूपांतर पहिल्याच ओळीत करून टाका. गणिताच्या मधोमध करायला गेलं की एखादी किंमत हमखास जुन्याच एककात राहून जाते.

तीन समीकरणं आणि त्यांची अट

गतीची समीकरणं शब्दांत अशी:

अंतिम वेग = सुरुवातीचा वेग + त्वरण × वेळ
विस्थापन = सुरुवातीचा वेग × वेळ + ½ × त्वरण × वेळ²
अंतिम वेग² = सुरुवातीचा वेग² + २ × त्वरण × विस्थापन

ही तिन्ही फक्त त्वरण बदलत नसेल तेव्हाच चालतात. गाडी आधी वेग वाढवते, मग एकसमान वेगाने जाते आणि शेवटी ब्रेक लावते, असा प्रश्न असेल तर त्याचे तीन तुकडे करायचे. एका तुकड्याचा अंतिम वेग हा पुढच्या तुकड्याचा सुरुवातीचा वेग. तीनही तुकड्यांवर एकच समीकरण चालवलं तर येणारं उत्तर चुकतं, आणि ते दिसायला चुकीचं वाटतही नाही.

सूत्र निवडण्याची पद्धत सोपी आहे. पाच राशी एकाखाली एक लिहा: सुरुवातीचा वेग, अंतिम वेग, त्वरण, वेळ, विस्थापन. दिलेल्या भरा, हवी त्यापुढे प्रश्नचिन्ह टाका. जी राशी दिलेलीही नाही आणि विचारलेलीही नाही, ती ज्या सूत्रात नाही ते सूत्र घ्या. 'विरामावस्थेतून निघाली' म्हणजे सुरुवातीचा वेग शून्य आणि 'थांबली' म्हणजे अंतिम वेग शून्य. हे आकडे प्रश्नात शब्दांच्या रूपात दिलेले असतात आणि घाईत निसटतात.

२० मी/से वेगाने जाणारी कार ब्रेक लावल्यावर ४० मीटरमध्ये थांबली. वेळ दिलेला नाही आणि त्वरण विचारलं आहे, म्हणून तिसरं समीकरण: ० = ४०० + २ × त्वरण × ४०, म्हणून त्वरण −५ मी/से². थांबायला लागलेला वेळ ४ सेकंद. आता वेग दुप्पट करा, ब्रेक तेवढाच. ० = १६०० − १० × विस्थापन, म्हणजे १६० मीटर. वेग दुप्पट झाला की थांबण्याचं अंतर चौपट होतं, कारण सूत्रात वेगाचा वर्ग आहे. चालकाला धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद गेला, तर ४० मीटरच्या प्रश्नात आणखी २० मीटरची भर पडते. त्या सेकंदात त्वरण शून्य असतं, म्हणून तो तुकडा वेगळा मोजायचा.

याच कारने ६ सेकंदांत किती अंतर कापलं असं विचारलं, तर दुसरं समीकरण १२० − ९० = ३० मीटर देतं. बरोबर उत्तर मात्र ४० आहे. कार चौथ्या सेकंदाला थांबली; पुढचे दोन सेकंद समीकरण तिला मागे नेत राहिलं, कारण कार थांबल्यावर ब्रेकचं बल नाहीसं होतं हे समीकरणाला कुणी सांगितलेलं नाही. ब्रेकच्या प्रत्येक गणितात आधी थांबण्याची वेळ काढायची सवय लावा.

बलांची आकृती: इथे घाई करू नका

या प्रकरणाचा खरा गाभा हा आहे. एकच वस्तू निवडा. तिचा चौकोन काढा आणि बाकी सगळं, म्हणजे टेबल, दोरी, हात, जमीन, आकृतीबाहेर ठेवा. मग बलांचे बाण काढा.

पहिला बाण वजनाचा, सरळ खाली. वजन म्हणजे वस्तुमान × गुरुत्व त्वरण; वस्तूचं वस्तुमान १० किलोग्रॅम असेल तर वजन १०० न्यूटन. त्यानंतर वस्तूच्या कडेने नजर फिरवा आणि तिला काय काय टेकलं आहे ते बघा. पृष्ठभाग टेकला असेल तर त्याचं अभिलंब बल पृष्ठभागाशी काटकोनात, आणि पृष्ठभाग खडबडीत असेल तर घर्षण पृष्ठभागालगत. दोरी बांधली असेल तर ताण, नेहमी दोरीच्या दिशेने आणि ओढणारा. दोरी कधी ढकलत नाही. हात टेकला असेल तर त्याचं ढकलणं. शाळेतल्या गणितांत न टेकता काम करणारी बलं म्हणजे गुरुत्व, चुंबकीय आणि विद्युत, एवढीच.

आता प्रत्येक बाणाला विचारा: हे बल कोण लावतंय? उत्तरात एखादी खरी वस्तू आली पाहिजे. उत्तर नसेल तर बाण खोडा. हातातून सुटून हवेत जाणाऱ्या चेंडूवर 'फेकण्याचं बल' पुढे दाखवणारे खूप विद्यार्थी असतात. चेंडूला आता हात टेकलेला नाही, मग ते बल लावतंय कोण? कुणीच नाही. हवेचा विरोध सोडला तर चेंडूवर फक्त वजन आहे. पुढे जाणं ही चेंडूची आधीची गती आहे. ती टिकायला बल लागत नाही. गती टिकवायला बल लागतं हा समज माणसाला सहज पटतो, कारण आपल्या आजूबाजूला घर्षण सगळीकडे असतं आणि ढकलणं थांबलं की वस्तू थांबते. गॅलिलिओने हा समज मोडला आणि न्यूटनने १६८७ मध्ये त्याला पहिल्या नियमाचं रूप दिलं. बल वेग बदलतं, वेग राखत नाही.

'वस्तुमान × त्वरण' हासुद्धा आकृतीत बाण म्हणून काढायचा नाही. तो बलांच्या बेरजेचा परिणाम आहे, आणखी एक बल नाही. आकृतीत सगळी बलं, समीकरणाच्या एका बाजूला त्यांची बेरीज, दुसऱ्या बाजूला वस्तुमान × त्वरण.

घर्षणाचं एक गणित, तीन प्रकारे

१० किलोग्रॅमचं खोकं सपाट जमिनीवर आहे. स्थैतिक (वस्तू हलण्याआधीच्या) घर्षणाचा गुणांक ०.४, गतिक (सरकू लागल्यावरच्या) घर्षणाचा गुणांक ०.२. गुणांक × अभिलंब बल केलं की कमाल स्थैतिक किंवा गतिक घर्षण मिळतं. अभिलंब बल १०० न्यूटन, म्हणून स्थैतिक घर्षण जास्तीत जास्त ४० न्यूटनपर्यंत जाऊ शकतं.

खोकं १५ न्यूटनने आडवं ओढलं. घर्षण किती? बरेच जण ४० लिहितात. तसं असतं तर खोकं मागे सरकलं असतं! खोकं हललेलं नाही, म्हणून घर्षण १५ न्यूटन. स्थैतिक घर्षण गरजेपुरतं असतं, ४० ही त्याची मर्यादा आहे.

आता ५० न्यूटनने आडवं ओढू. ५० हे ४० पेक्षा जास्त, म्हणून खोकं सुटतं आणि गतिक घर्षण लागू होतं: ०.२ × १०० = २० न्यूटन. परिणामी बल ३०, त्वरण ३ मी/से².

तेच ५० न्यूटन, पण दोरी तिरकी वर, अशी की दोरीच्या दर ५ मीटर लांबीमागे ती ४ मीटर पुढे आणि ३ मीटर वर जाते. बलाचे दोन घटक पडतात: पुढे ४०, वर ३०. वरचा घटक खोक्याचा भार थोडा उचलून धरतो, म्हणून अभिलंब बल १०० − ३० = ७०. कमाल स्थैतिक घर्षण २८, म्हणजे खोकं सुटतं. गतिक घर्षण १४, परिणामी बल २६, त्वरण २.६ मी/से².

तोच कोन ठेवून मागून तिरकं खाली ढकललं तर? पुढचा घटक तोच ४०, पण ३० न्यूटन आता जमिनीकडे. अभिलंब बल १३० आणि कमाल स्थैतिक घर्षण ५२. पुढचा घटक ४०, म्हणून खोकं जागचं हलत नाही. बल तेवढंच, कोन तेवढाच, आणि एका दिशेने खोकं धावतं तर दुसऱ्या दिशेने रुतून बसतं. जड वस्तू तिरकं ढकलण्यापेक्षा ओढणं सोपं का जातं, ते या चार ओळींत आहे. 'अभिलंब बल म्हणजे वजन' असं पाठ करून ठेवलं असेल तर हे गणित सुटत नाही. उभ्या दिशेतल्या बलांची बेरीज शून्य लिहून अभिलंब बल दर वेळी नव्याने काढा.

वजनकाटा काय दाखवतो

लिफ्टमध्ये वजनकाट्यावर ५० किलोग्रॅमची व्यक्ती उभी आहे. तिचं वजन ५०० न्यूटन खाली, काट्याचं अभिलंब बल वर. काटा हे अभिलंब बलच दाखवतो. त्वरण वरच्या दिशेने २ मी/से² असेल तर अभिलंब बल − ५०० = ५० × २, म्हणजे ६०० न्यूटन; काट्यावर ६० किलोग्रॅम दिसतील. त्वरण खालच्या दिशेने २ असेल तर ४०० न्यूटन. एकसमान वेगाने जाताना, वर असो वा खाली, ५००.

इथे कस लागतो तो असा: लिफ्ट वर जातेय, पण मजला जवळ आल्याने मंदावतेय. गती वर, त्वरण खाली, म्हणून काटा कमी दाखवतो. काट्याला लिफ्टच्या वेगाशी काही देणंघेणं नसतं, त्वरणाशी असतं.

लिफ्ट मुक्तपणे पडत असेल तर काटा शून्य दाखवेल. अंतराळ स्थानकातही हेच घडतं. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर गुरुत्व त्वरण जमिनीवरच्या जवळपास नव्वद टक्के असतं; तिथे गुरुत्व नाही हे म्हणणं चूक आहे. स्थानक आणि त्यातली माणसं सारख्याच त्वरणाने पृथ्वीकडे पडत असतात, म्हणून कोणी कोणावर टेकत नाही. जड आणि हलकी वस्तू एकाच त्वरणाने पडते, कारण वस्तुमान दुप्पट झालं की ओढणारं बलही दुप्पट होतं आणि भागाकार तोच राहतो. १९७१ मध्ये अपोलो १५ मोहिमेतल्या डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर हातोडा आणि पीस एकदम सोडलं. तिथे हवा नाही, दोन्ही एकदम खाली पोचले.

जोडीची बलं ओळखायची कशी

टेबलावरच्या पुस्तकाचं वजन आणि टेबलाचं अभिलंब बल ही क्रिया-प्रतिक्रियेची जोडी, असं उत्तर सर्रास दिसतं. ती जोडी नाही. दोन्ही बलं एकाच पुस्तकावर आहेत, आणि क्रिया-प्रतिक्रिया कधीच एका वस्तूवर नसतात. बलाचं पूर्ण वाक्य लिहा आणि नावांची अदलाबदल करा. 'पृथ्वी पुस्तकाला खाली ओढते', तर जोडी 'पुस्तक पृथ्वीला वर ओढतं'. 'टेबल पुस्तकाला वर ढकलतं', तर जोडी 'पुस्तक टेबलाला खाली दाबतं'. वाक्य उलटलं की जोडी मिळते, डोकं लढवावं लागत नाही.

जोडलेल्या वस्तूंच्या गणितात याचा उपयोग होतो. घर्षणरहित जमिनीवर ३ आणि २ किलोग्रॅमची खोकी एकमेकांना टेकून ठेवली आहेत आणि ३ किलोग्रॅमच्या खोक्याला २० न्यूटनने ढकललं. दोन्ही मिळून त्वरण २० ÷ ५ = ४ मी/से². पुढच्या खोक्यावर आडवं बल एकच, मागच्या खोक्याचं: २ × ४ = ८ न्यूटन. हाताचे २० न्यूटन पुढच्या खोक्यावर दाखवणं ही नेहमीची चूक. हात त्याला टेकलेलाच नाही. पडताळा मागच्या खोक्यावर घ्या: २० − ८ = १२ = ३ × ४.

एक प्रयोग करून बघा

दोन मीटरहून थोडी लांब, सरळ फळी घ्या. दोन मीटरच्या अंतरावर दोन खुणा करा आणि वरची खूण खालच्या खुणेपेक्षा १० सेंटिमीटर उंच येईल असं टोक उचला. गोटी बाजूला जाऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना पट्ट्या लावा, पण गोटी त्यांना घासणार नाही इतकी जागा ठेवा. वरच्या खुणेपासून ५०, १०० आणि २०० सेंटिमीटर अंतरासाठी वेळ मोजा, प्रत्येकाचे पाच प्रयत्न.

५० सेंटिमीटरला साधारण १.७ आणि २०० सेंटिमीटरला साधारण ३.४ सेकंद लागतील: अंतर चौपट, वेळ दुप्पट. वेळेचा वर्ग आडव्या अक्षावर आणि अंतर उभ्या अक्षावर घेऊन आलेख काढा. बिंदू सरळ रेषेत आले तर त्वरण एकसमान आहे, आणि रेषेच्या चढाची दुप्पट म्हणजे ते त्वरण. ते ०.३५ मी/से² च्या आसपास येईल.

नुसता उताराचा हिशोब १० × ०.१ ÷ २ = ०.५ सांगतो, मग कमी का? गोटी घसरत नाही, घरंगळते. उर्जेचा काही भाग तिला फिरवण्यात जातो, आणि भरीव गोल गोटीसाठी त्वरण घसरणाऱ्या वस्तूच्या ५/७ एवढंच राहतं. फळीला खाच पाडून गोटी तिच्या दोन कडांवर टेकवली तर किंमत आणखी खाली येते.

बिघडतं ते बहुधा तीन ठिकाणी. बोटाने सोडताना गोटीला नकळत धक्का बसतो. त्याऐवजी तिच्यापुढे पट्टी आडवी धरा आणि पट्टी झटकन उताराच्या दिशेने काढून घ्या. फळी मधे वाकते, मग उतार सगळीकडे सारखा राहत नाही आणि आलेखाची रेषा वळते. मधे एक टेकू द्या. तिसरी अडचण वेळेची. स्टॉपवॉच दाबताना ०.२ सेकंदांची चूक सहज होते, आणि १.७ सेकंदांत ती दहा टक्क्यांहून जास्त आहे. फोनवर व्हिडिओ काढून चौकटी मोजल्या तर सेकंदाला ३० चौकटींच्या हिशोबाने चूक ०.०३ सेकंदांवर येते. गॅलिलिओ तर असे प्रयोग करताना भांड्यातून बारीक धारेने पडलेलं पाणी तोलून वेळ ठरवत असे, आणि पडण्याचा वेग मोजता येण्याइतका मंद करायला त्याने उतारच वापरला होता.

उत्तर लिहिण्याआधी

एकक बघा: बल काढलं आणि एकक मी/से आलं तर कुठेतरी चुकलं आहे. चिन्ह बघा: ब्रेकच्या गणितात गतीची दिशा धन असताना त्वरण धन आलं तर दिशा उलटी झाली आहे. वेळेच्या वर्गसमीकरणाला दोन उत्तरं आली तर एक डोळे मिटून खोडू नका. वर फेकलेला चेंडू १५ मीटर उंचीवर कधी असतो याला १ आणि ३ सेकंद अशी दोन उत्तरं येतात, आणि दोन्ही खरी आहेत: एक वर जाताना, एक खाली येताना. खोडायचं ते ऋण वेळेचं, तेही सुरुवात शून्य सेकंदाला झाली असेल तरच. आणि टोकाची किंमत घालून बघा. खोक्याच्या गणितात घर्षण गुणांक शून्य केला की त्वरण आडवं बल भागिले वस्तुमान एवढं यायला हवं. येत नसेल तर आकृतीकडे परत जा आणि कोणता बाण राहिला ते शोधा.